तापतं शहर – भाग ५ : झाड उन्हानं नव्हे, तहानेनं वाळतं

सिमेंट आणि डांबर दिवसाची उष्णता साठवून रात्री कशी परत सोडतात, ते मागच्या भागात पाहिलं. अशा तापलेल्या शहरात झाडांवर काय गुदरतं? उदाहरणादाखल पुण्याच्या गणेशखिंडीतलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेऊ. सुमारे ४११ एकरांचं हे आवार जुन्या वडांसाठी ओळखलं जातं. मात्र पुण्याच्या अशा उंचवट्यांवर मातीचा थर पातळ असतो. खाली मुरूम आणि काळा पाषाण.

पानांवरच्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. हवा ३० अंशांना जेवढी वाफ सामावून घेऊ शकते, त्याच्या सुमारे पावणेदोनपट ४० अंशांना घेते. म्हणून एप्रिलच्या कोरड्या दुपारी हवा पानातलं पाणी अक्षरशः ओढून घेते. मुळांना तेवढा पुरवठा जमला नाही की झाड रंध्रं मिटतं. पाणी वाचतं, पण अन्न तयार होणं मंदावतं. शिवाय वाफेबरोबर पानातली उष्णताही बाहेर जात असते. ती वाट बंद झाली की भर उन्हातलं पान हवेपेक्षा काही अंशांनी जास्त तापतं. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पानांत ४६-४७ अंशांच्या आसपास प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच कोलमडू लागते. चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यापासून हा आकडा फार दूर नाही.

दुसरा घाव खोडाच्या आत बसतो. मुळांपासून शेंड्यापर्यंत पाण्याचा अखंड धागा ताणलेला असतो. ताण फार वाढला की त्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नलिका निकामी होते. अशा नलिका वाढत गेल्या की फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. रात्रही उबदार राहिली तर श्वसनाचा वेग वाढून दिवसा साठवलेली साखर अधिक खर्च होते. उपाशी, तहानलेलं झाड किडींना लवकर बळी पडतं.

पळस, पांगारा, काटेसावर यांनी यावर जुनी तोड काढली आहे: उन्हाळ्याआधीच पानं गाळून पाण्याचा खर्च कमी करायचा. आवारात नवी लागवड करताना या देशी झाडांना पहिला मान मिळायला हवा.

पण जुन्या झाडांचं काय? बारीक, पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोनेक फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की वळवाचं पाणी मुरत नाही आणि मुळांना हवाही मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. मोठ्या वडाला तर एक मीटरही अपुराच. झाडलोट करून पालापाचोळा उचलणं किंवा जाळणं हेही तितकंच घातक, कारण त्या थरानंच माती गार आणि ओली राहते.

तापमान उतरवणं एका विद्यापीठाच्या हाती नाही. बुंध्याभोवतालची माती मोकळी ठेवणं मात्र नक्की आहे. तुमच्या महाविद्यालयात, सोसायटीत या आठवड्यात एवढं करा: बुंध्याला भिडलेले ब्लॉक काढायला लावा, पाला जागेवरच राहू द्या, आणि पाणी संध्याकाळी, बुंध्यापाशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली सावकाश मुरवा.