अजिंक्यतारा थोडे दिवस थांबेल

साताऱ्यात पहाटे अजिंक्यतारा चढणाऱ्या, यवतेश्वर घाटात पळणाऱ्या बाईला आयव्हीएफ सुरू होताच प्रश्न पडतो: पळणं सोडायचं का? बीजवाढीच्या इंजेक्शनांच्या दहा-बारा दिवसांत आणि बीज काढल्यावर सूज उतरेपर्यंत, हो. एरवी बदामाएवढं अंडाशय अनेक बीजकोष एकदम वाढल्याने लिंबाहून मोठं होतं. धावल्याने, उड्या मारल्याने त्याला पीळ बसून रक्तपुरवठाच तुटू शकतो. पण बागेत सावकाश फेऱ्या मारायला सहसा हरकत नसते.

भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर सासूबाई खाटेवरून उठू देत नाहीत. माया खरी, पण पडून राहिल्याने गर्भ जास्त रुजतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

ओटीपोटात अचानक जोराची कळ आली, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.