मोठी मोटार, बेताचे मोल

श्रोतेहो, घरात मोटार घ्यायचे ठरले म्हणजे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, लहान गाडी घ्या, पेट्रोल कमी पिते. दुसरा म्हणतो, मग आजीला कुठे बसवायची आणि गणपतीचे सामान कुठे ठेवायचे? आज या दुसऱ्या पक्षाची बाजू जरा तपासून पाहू. पाच माणसे अंग न चोरता बसतील आणि मागे ऐसपैस डिकी असेल अशी मोठी सेडान महाड-पोलादपूरकडच्या माणसाला परवडते का? आणि घ्यायचीच झाली तर ती पारखावी कशी?

सेडान म्हणजे तीन पेट्यांची गाडी. पुढच्या पेटीत यंत्र, मधल्या पेटीत माणसे, मागच्या पेटीत सामान. आपल्याकडे या जातीची सगळ्यांना ठाऊक असलेली गाडी म्हणजे अँबॅसडर. इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून बेतलेली ही मोटार बंगालमधल्या उत्तरपाडा येथे १९५७ पासून तयार होऊ लागली आणि २०१४ साली बंद पडली. सरकारी साहेबापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळ्यांना तिने वाहिले. मागच्या बाकावर तिघांऐवजी पाच कोंबले तरी ती कुरकुरत नसे, हे तिचे भूषण समजले जाई. आज मी त्याला भूषण म्हणणार नाही, पण त्याकडे पुढे वळू.

अँबॅसडर गेली, पण मोठी गाडी मागे पडण्याचे एक कारण सरकारी कराचेही आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान यंत्राच्या गाड्यांवरचा उत्पादन कर कमी झाला. तेव्हापासून कारखानदारांनी गाड्यांच्या शेपट्या कापायला सुरुवात केली. मारुतीची डिझायर २०१२ मध्ये अशीच आखूड झाली. शेपटी कापली म्हणजे डिकी कापली, हे ओघानेच आले. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. चार मीटरची रेघ ओलांडली की नवी गाडी एकदम महाग होते ती यामुळे.

मग बेताच्या पैशात मोठी गाडी मिळायची कशी? माझे उत्तर सरळ आहे: चार-पाच वर्षे वापरलेली घ्यावी. हल्ली लोकांचा ओढा उंच, जीपसारख्या दिसणाऱ्या गाड्यांकडे आहे. त्यामुळे जुन्या सेडानला गिऱ्हाईक कमी आणि भाव उतरलेला. उदाहरणादाखल मारुतीची सियाझ घ्या. ती २०१४ साली आली आणि २०२५ साली कंपनीने ती बनवणे बंद केले. लांबी ४४९० मिलिमीटर, दोन आसांमधले अंतर २६५० मिलिमीटर, डिकीत ५१० लिटर जागा. गाडी बंद झाली, आता सुटे भाग कुठून आणणार, असे कुणी विचारील. शंका रास्त आहे. पण २०१८ पासून तिच्यात आलेले दीड लिटरचे पेट्रोल यंत्र त्याच काळातल्या अर्टिगातही होते, आणि अर्टिगा तर आपल्या रस्त्यावर पावलोपावली दिसते. यंत्राच्या भागांची फार चिंता नको. पत्र्याचे भाग, दिवे, काचा यांची मात्र आधी मेकॅनिककडे चौकशी करावी.

आता कुणी म्हणेल, मोटार हा चैनीचा विषय, त्यावर आकाशवाणीने वेळ का घालवावा? त्यांना महाडचीच एक गोष्ट सांगतो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून निघाले, ते पद्मावती नावाच्या बोटीने दासगावला उतरले. धरमतरची वाट त्यांनी टाळली. कारण धरमतरहून पुढे मोटारबस लागे, आणि बसवाले आपल्याला गाडीत घेतील याचा भरवसा नव्हता. दासगावहून महाड पाच मैल. ते अंतर पायी तोडता येण्यासारखे होते. ज्याच्या हाती वाहन नाही त्याचा रस्ता दुसरा कुणीतरी ठरवतो. आज त्याच तळ्याकाठी मार्च महिन्यात गावोगावच्या गाड्यांची दाटी होते. आणि रात्री दोन वाजता पोलादपूरच्या एखाद्या वाडीतून बाळंतिणीला महाडला न्यायचे असते, तेव्हा दारातली गाडी ही चैन राहत नाही.

तर आता पारख. पहिली गोष्ट रस्ता. मुंबई-गोवा महामार्गावर सेडानसारखे सुख नाही. ती जमिनीसरशी बसते, वळणावर कमी झुलते आणि लांब प्रवासात अंग आंबत नाही. कशेडीचे बोगदे सुरू झाल्यापासून खेडकडची वाटही सोपी झाली आहे. पण महामार्ग सोडून वाडीकडे वळलात की सेडानचा उणेपणा दिसतो. तिचे पोट खाली असते, आणि दोन चाकांमधले अंतर जास्त असते.

गुरुजींनी हे वर्गात करून दाखवावे. टेबलावर दोन खडूच्या पेट्या ठेवा, त्यांवर फूटपट्टी आडवी ठेवा आणि मध्ये डस्टर उभा करा. हा डस्टर म्हणजे गतिरोधक आणि पेट्या म्हणजे चाके. डस्टर पट्टीला टेकतो की नाही ते पेट्यांच्या उंचीवर ठरते, हे मुले लगेच सांगतील. आता डस्टरच्या जागी पुस्तक अर्धे उघडून पालथे ठेवा, म्हणजे उतरत्या बाजूंचा उंचवटा झाला. पेट्या पुस्तकाच्या उतारांवर जवळजवळ ठेवा, पट्टी सुटी राहील. पेट्या दूर सारा, त्या उतारावरून खाली येतील आणि पट्टी शेंड्याला टेकेल. लांब गाडीचे पोट घासते ते असे. सियाझची जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर. कागदावर हे पुरेसे वाटते, पण पाच माणसे आणि तांदळाचे पोते चढवले की स्प्रिंगा दबतात आणि उंची घटते. म्हणून गाडी पाहायला एकट्याने जाऊ नये. सगळ्या बिऱ्हाडाला घेऊन जावे, सामान भरावे आणि आपल्याच घराच्या चढणीवर ती चालवून बघावी. तिथे पोट घासले तर ती गाडी आपली नव्हे, मग ती कितीही स्वस्त असो. आजीला गुडघ्याचे दुखणे असेल तर तिला आत-बाहेर दोनदा करायला लावावे. सेडानमध्ये खाली वाकून बसावे लागते.

दुसरी गोष्ट घाट. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलात म्हणजे सुमारे १३५० मीटरवर पोचता. चढताना दीड लिटरच्या यंत्राला पाच माणसांचे ओझे जड नाही. खरी परीक्षा उतरताना. ब्रेक सतत दाबून धरला की चकत्या तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते. तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये उतरावे, यंत्राचाच लगाम गाडीला बसू द्यावा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे महाभाग अजून भेटतात. त्यांच्या शेजारी बसू नये! जुनी गाडी पाहताना टायरवरचा चार आकडी शिक्का जरूर वाचा. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होतेच.

आणि मघाशी म्हटले ते मागच्या बाकाविषयी. सुरक्षापट्टे जितके, माणसे तितकीच. अँबॅसडरच्या दिवसांतली दाटीवाटी आज वेगाच्या रस्त्यावर जीवघेणी आहे. मधल्या माणसाला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा, हेही पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि आपल्या भागात ही सगळ्यांत मोठी. जुलै २०२१ मध्ये सावित्री-गांधारीचे पाणी महाडात शिरले, तेव्हा दारात उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या गावी विकल्या जातात, आणि दुसऱ्या गावच्या आपल्याकडे येतात. त्या ओळखायच्या कशा? सुरक्षापट्टा शेवटापर्यंत ओढून काढा. आतल्या टोकाला गढूळ पाण्याची रेघ दिसते, ती विकणारा सहसा धुवायला विसरतो. बैठकीखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का पाहा. डिकीतले जादा चाक उचला आणि खाली हात फिरवा, चिखल लागतो का? सतरंजीखाली कुबट वास येतो का? गाडीत भरपूर अत्तर फवारले असेल तर दुप्पट संशय घ्यावा.

आपली गाडी कधी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चालू करू नये. सिलिंडरात हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दट्ट्या पाण्यावर आपटला की त्याचा दांडा वाकतो, आणि मग दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. गाडी ढकलत बाहेर काढावी आणि ओढून न्यावी.

आता पैशाचा हिशेब. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरू, हिशेबाला सोपे. घाट आणि गर्दी धरून मोठी सेडान लिटरला १५ किलोमीटर देते असे समजू. महाडहून मुंबईला जाऊन येऊन साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे २३-२४ लिटर, सुमारे २,३५० रुपये. एसटीच्या पाच माणसांच्या जाण्यायेण्याच्या तिकिटांशी हा आकडा ताडून पाहा. मात्र एकटाच माणूस जाणार असेल तर लाल गाडीला तोड नाही.

कर्जाचे गणित अधिक महत्त्वाचे. पाच लाख रुपये दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,६२४ रुपये, आणि व्याज एकंदर १,३७,००० च्या वर. तेच कर्ज सात वर्षांवर नेले तर हप्ता ८,३०० वर येतो, पण व्याज १,९७,००० च्या घरात जाते. कमी हप्त्याचे आमिष साठ हजारांना पडते. शिवाय सातव्या वर्षी आपण ज्या गाडीचे हप्ते भरत असू, ती अकरा-बारा वर्षांची झालेली असेल. हप्त्यापलीकडे विमा, टायर, बॅटरी यांसाठी दरमहा काही बाजूला पडत नसेल, तर आणखी वर्षभर थांबलेले बरे.

कागदपत्रांत चालढकल नको. नोंदणीपुस्तक आणि गाडीवरचा चेसिस क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. गाडीवर आधीचे कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नावबदलासाठी नमुना २९ आणि ३० भरायचे असतात, रायगडच्या एम.एच. ०६ क्रमांकाच्या गाड्यांची कचेरी पेणला आहे. आणि विमा? तो आपोआप पुरतेपणी आपला होत नाही. गाडी ताब्यात आल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी.