पिंगलेची साक्ष : स्त्रीवादी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाविषयी काही विचार

उज्जयिनीस येणारा यात्रेकरू महाकालाचे दर्शन घेऊन क्षिप्रातीरी भर्तृहरीच्या गुंफेकडे वळतो, तेव्हा एक कथा त्याच्या परिचयाची असतेच. राजाने अमरफळ राणी पिंगलेस दिले. तिने ते आपल्या प्रियकरास, त्याने एका गणिकेस आणि गणिकेने पुन्हा राजासच दिले. राजास विरक्ती येऊन त्याने राज्यत्याग केला. आपल्याकडील ‘नवनाथ भक्तिसारा’त मात्र पिंगला पतिव्रता आहे. राजाच्या मृत्यूची खोटी वार्ता ऐकून ती अग्निप्रवेश करते आणि त्या शोकातून राजा वैराग्याकडे वळतो. दोन्ही कथा इतिहास नव्हेत, लोकपरंपरा आहेत. परंतु एक गोष्ट दोहोंत समान आहे. पिंगला कुलटा असो वा पतिव्रता, तिचे कार्य एकच : राजाच्या वैराग्यास निमित्त होणे. राजाचा अनुभव तत्त्वज्ञान झाला. पिंगलेची साक्ष कोणी घेतली नाही.

स्त्रीवादी तत्त्वज्ञान म्हणजे स्त्रियांच्या हक्कांची मागणी, एवढाच त्याचा अर्थ अनेक सुशिक्षितही करतात. हक्कांचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. तथापि तत्त्वज्ञान या नात्याने ही विचारधारा त्याहून मूलगामी प्रश्न विचारते. ज्ञाता कोण, कोणाचा अनुभव प्रमाण मानावयाचा आणि ‘मनुष्य’ असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे कोण उभा असतो, हे ते प्रश्न होत.

फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हार यांनी इ. स. १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द सेकंड सेक्स’ या ग्रंथात असे प्रतिपादिले, की पुरुषाने स्वतःस मानदंड कल्पिले आणि स्त्रीस ‘इतर’ ठरविले. आपण ज्यास स्त्रीस्वभाव म्हणतो, तो निसर्गाने दिलेला नसून समाजाने घडविलेला असतो. पिंगलेची दोन परस्परविरुद्ध रूपे पाहिली म्हणजे या विधानाचा अर्थ सहज ध्यानात येतो. दोन्ही रूपे राजाच्या गरजेतून निर्माण झाली आहेत.

परंतु हा विचार केवळ परदेशातून आला, असे मानणे आपल्याच वाङ्मयाविषयीचे अज्ञान होय. इ. स. १८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा फर्माविली. पुढे ती कमी झाली. या प्रकरणाच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी इ. स. १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्यास उत्तर दिले. त्यांनी स्त्रियांची बाजू केवळ सावरली नाही. जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जात, ते एकेक घेऊन पुरुषांच्या ठायी किती आहेत, हे तपासले. म्हणजे तराजूवर ठेवलेल्या वस्तूपेक्षा तराजूच आधी पारखला. ही तत्त्वज्ञानाची रीत होय. जोतीराव फुले यांनी इ. स. १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, पण पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले व स. गं. मालशे यांनी इ. स. १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले.

या विस्मृतीचा अर्थ लावण्यास मिरांडा फ्रिकर यांचा इ. स. २००७ मधील विचार उपयोगी पडतो. बोलणाऱ्याविषयीच्या पूर्वग्रहामुळे त्याच्या शब्दास कमी किंमत देणे, हा त्यांच्या मते ज्ञानाच्या क्षेत्रातील अन्याय आहे. आणि स्वतःचे दुःख समजण्यास व सांगण्यास लागणारी भाषाच समाजात नसणे, हा दुसरा. न्यायदर्शनाच्या अभ्यासकास यातील पहिला मुद्दा परका वाटू नये. आप्ताचे वचन प्रमाण, हे तर आपण मानतोच. आणि आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असे भाष्यकार वात्स्यायन सांगतो. लक्षण उदार होते. प्रत्यक्षात आप्त म्हणून कोणास बोलू दिले, हा प्रश्न उरतोच.

तोच प्रश्न स्त्रीवादासही विचारावा लागला. ‘स्त्री’ म्हणताना उच्चवर्णीय स्त्रीचाच अनुभव गृहीत धरला, तर पुरुषाने केलेली चूक दुसऱ्या रूपाने पुन्हा घडते. पुणे विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी इ. स. १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली, ती या दृष्टीने पाहावी. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ अथवा ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे ग्रंथ केवळ करुण कहाण्या म्हणून वाचू नयेत. समाजाविषयीचे ज्ञान म्हणून वाचावेत.

यावर एक आक्षेप असा, की प्रत्येकाची दृष्टी निराळी मानल्यास सत्य उरणार कोठे? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु अधिक साक्षीदार तपासणारा न्यायाधीश सत्य नाकारीत नसतो, तर ते अधिक काळजीने शोधीत असतो. रेगे यांनीही ही दृष्टी जन्माने मिळणारी मिरासदारी मानलेली नाही. इतरांनीही अभ्यासाने व आत्मपरीक्षणाने तिच्यापर्यंत यावे, असा त्यांचा आग्रह होता.

म्हणून अध्यापकांस आमची सूचना अशी, की या विषयाचा आरंभ ताराबाईंपासून करावा, मग बोव्हार यांचा ग्रंथ करुणा गोखले यांच्या मराठी अनुवादातून वाचावा आणि त्यानंतर रेगे यांच्याकडे वळावे. या क्रमाने विद्यार्थ्यास हा विचार उसना वाटणार नाही आणि आपल्या घरातही तपासण्यासारखे पुष्कळ आहे, हे त्यास कळेल. भर्तृहरीची कथा वर्गात अवश्य सांगावी. मात्र ती संपल्यावर पिंगलेने काय सांगितले असते, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास विसरू नये. आणि फळ स्वतः न खाता राजास नेऊन देणाऱ्या त्या गणिकेने काय विचार केला असेल, हेही विचारावे. साऱ्या कथेत आपल्या लाभापलीकडे पाहून निर्णय घेणारी ती एकटीच आहे आणि तिला तर कथेने नावही दिलेले नाही.