सहरीआधीची गोळी

तरावीह आटोपून घरी यायला साडेदहा होतात, चारला सहरीसाठी उठायचं. झोप येईना म्हणून मोहल्ल्यातल्या एका चाचांनी शेजाऱ्याची झोल्पिडेमची गोळी घेतली. सकाळी गाडी चालवताना डुलकी लागली, थोडक्यात वाचले.

या गोळीनंतर सात-आठ तास झोपायला हवेत. रमजानात ते कुठून आणायचे? पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांनाही हेच लागू. आमच्या सिंदेवाहीच्या वाघाच्या रानात गुंगी परवडत नाही. गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, तीही थोडे दिवस. डॉक्टरांना रोजा, सहरीची वेळ, दमा, घोरणं सगळं सांगावं. रोजची असेल तर मनानं एकदम बंद करू नये.

चाचा आता जोहरनंतर लवंडतात. इफ्तारनंतरचा चहाही सोडलाय. तेच जास्त जड गेलं म्हणतात.