जुन्या नकाशांतील मांजरेचें खोरें

नकाशा म्हणजे परीक्षेपुरता पाठ करावयाचा कागद, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु स्वातंत्र्यपूर्व काळांतील, मैलास एक इंच या प्रमाणाचा मांजरा-तेरणा खोऱ्याचा नकाशा पुढें पसरावा, म्हणजे त्यांत किती माहिती सांठविली आहे हें ध्यानांत येतें.

त्याची भाषा सोपी आहे. तपकिरी रेघा समान उंचीचीं स्थळें जोडतात. त्या दाट असतील तेथें बालाघाटाचा चढ समजावा. विरळ असतील तेथें नदीकांठची सपाट काळी जमीन. निळा रंग पाण्याचा. उन्हाळ्यांत कोरडे पडणारे ओढे मात्र काळ्या रेघांनीं दाखवितात.

ही अचूकता आली कोठून? १८०२ सालीं लॅम्बटन यानें मद्रासजवळ एक पायारेषा मोजून त्रिकोणमितीच्या मोजणीस आरंभ केला. त्रिकोणाची एक बाजू व कोन ठाऊक असले म्हणजे उरलेल्या बाजू गणितानें निघतात. त्यामुळें जमिनीवर साखळी थोडीच ओढावी लागे. बहुतेक काम टेकड्यांवरून कोन मोजण्याचें असे. त्रिकोणांची ही माळ उत्तरेकडे सरकत १८१५ मध्यें बीदरच्या परिसरांत आली. तेथें नवी पायारेषा मोजून आधींचें गणित पडताळलें गेलें. लॅम्बटन १८२३ मध्यें हिंगणघाट येथें वारला; त्याच्या सांगाड्यावर पुढील नकाशे उभे राहिले.

मांजरा बीड जिल्ह्यांत उगम पावते, लातुरांतून बीदर व तेलंगणाकडे जाते आणि उत्तरेस वळून नांदेडच्या सीमेजवळ गोदावरीस मिळते. जुन्या नकाशांत तिच्यावरील धनेगांवचा जलाशय अर्थातच नाहीं. तेरणेच्या खोऱ्यांतील किल्लारी मात्र जुन्या जागीं दिसते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, आणि हजारों माणसें दगावलीं. त्यानंतर अनेक गांवें दुसरीकडे वसविण्यांत आलीं. भूमीच्या पोटांत काय चाललें आहे, हें उंचीच्या रेघांवरून कळत नाहीं. ही या नकाशांची मर्यादाच होय.

तथापि नव्या गावठाणांत जन्मलेल्या मुलास आजोबांचें गांव कोणत्या ओढ्याकांठीं होतें, पाऊलवाट कोठून जाई, देऊळ कोठें होतें, हें येथेंच दाखवितां येईल. म्हणून शाळांनीं व ग्रंथालयांनीं असे कागद रद्दींत घालूं नयेत. कापडावर डकवून जपावे, आणि शेजारीं नवा, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणाचा नकाशा ठेवून मुलांकडून ताडून घ्यावे.