तरणतलावाची मोटर आपोआप सुरू होते तेव्हा

ज्ञानेश्वरांच्या रेड्याच्या समाधीमुळे ओळखले जाणारे आळे पुणे-नाशिक महामार्गालगत आहे. जुन्नर तालुक्याच्या या भागात कृषी पर्यटन आता स्थिरावले असून, शहरवासीयांच्या शेतघरांत छोट्या तरणतलावाचीही हौस दिसते. मालक पुण्या-मुंबईत आणि तलाव गावी, अशी स्थिती असल्याने पंप, क्लोरिनची मात्रा आणि दिवे टायमरवर किंवा मोबाइलवर चालावेत, ही अपेक्षा स्वाभाविकच आहे. मात्र नियंत्रक आधी विकत घेतला जातो आणि वायरिंगचा विचार नंतर होतो. खरा धोका येथेच आहे.

आळ्याच्या शेतकऱ्याला स्वयंचलित यंत्रणा नवी नाही. शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीपाळीने, कित्येकदा रात्री मिळते. बिबट्याच्या या मुलखात अंधारात विहिरीवर जाणे नको म्हणून ‘ऑटो स्विच’ आला. वीज आली की मोटर आपोआप सुरू. म्हणूनच जाणता शेतकरी विहिरीत उतरण्यापूर्वी फ्यूज काढून खिशात टाकतो. तरणतलावाच्या मालकाने ही सवय अवश्य उचलावी. पंपघरात, मोटरच्या नजरेच्या टप्प्यात, कुलूप लावता येईल असा आयसोलेटर हवाच. मोबाइलवरून बंद केलेली मोटर ही सुरक्षितपणे बंद झालेली मोटर नव्हे.

आता थोडा हिशेब. दीड अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण ८ ते ९ अँपिअर प्रवाह घेते. सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. ‘बी’ प्रकारचा एमसीबी तीन ते पाच पटीला तुटतो, ‘सी’ प्रकारचा पाच ते दहा पटीला. म्हणून येथे १६ अँपिअरचा ‘सी’ एमसीबी योग्य ठरतो. पण तो वायरचे रक्षण करतो, मोटरचे नव्हे. व्होल्टेज उतरले की मोटर ११-१२ अँपिअर ओढत तापत राहते आणि एमसीबी ढिम्म हलत नाही. त्यासाठी मोटरच्या पाटीवरील आकड्यावर लावलेला ओव्हरलोड रिले स्वतंत्रपणे हवा. टायमरच्या नाजूक संपर्कांतून मोटरचा प्रवाह नेऊ नये. टायमरने कॉन्टॅक्टर चालवावा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. घरापासून पंपघर ६० मीटर दूर असेल, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये सुमारे ९ व्होल्ट गळतात, चार चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये साडेपाच. संध्याकाळी आधीच व्होल्टेज पडणाऱ्या गावात हा फरक लहान नाही.

सर्वांत महत्त्वाचा आरसीसीबी, तोही ३० मिलिअँपिअरचा. ओल्या अंगाच्या माणसाला वाचवतो तो हा. पंप, दिवे आणि क्लोरिन यंत्र यांना वेगवेगळे आरसीसीबी दिल्यास दोष कोठे आहे ते कळते. एकच बसवला, की पावसाळ्यात टर्मिनलच्या पेटीतील ओलाव्यामुळे किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल मिसळल्यामुळे तो वारंवार पडतो, पाहुणे ताटकळतात आणि शेवटी कोणीतरी तो ‘बायपास’ करून टाकतो. यापेक्षा मोठा गुन्हा नाही. त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबले पाहिजे. अर्थिंग तर हवेच, शिवाय शिडी, कठडे आणि पंपाचे धातूचे भाग तांब्याच्या वायरने एकमेकांना जोडावेत. पाण्यातील दिवे १२ व्होल्टचेच असावेत, आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर काठापासून किमान साडेतीन मीटर दूर.

पैसे वाचवण्यासाठी शेतीपंपाच्या जोडणीवरून तलाव चालवण्याचा मोह टाळलेला बरा. वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरतो.

एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. पंप आणि रसायनाची मात्रा सोडणारे यंत्र अनेकदा दोन वेगळ्या टायमरवर असतात. वीज गेली की बॅटरी नसलेला टायमर मागे पडतो, दुसरा पुढे जातो. मग पाणी थांबलेले असताना क्लोरिन आणि आम्ल नळीत साचतात, एकत्र येऊन विषारी वायू तयार होतो आणि पंप सुरू होताच तो पोहणाऱ्यांच्या तोंडाशी येतो. यावर उपाय स्वस्त आहे. मात्रा-यंत्राची वीज पंपाच्या कॉन्टॅक्टरमधूनच घ्यावी आणि नळीत प्रवाह ओळखणारा स्विच बसवावा, म्हणजे पाणी खरोखर वाहत असेल तरच रसायन सुटेल.