टेबल आखताना काय ठरते?
डेटाबेसमध्ये टेबल तयार करणे म्हणजे एक्सेलसारखे चौकोन आखून माहिती भरणे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्या वेळी टेबल रिकामेच असते. ठरतात ते नियम: कोणत्या रकान्यात आकडा, कोणत्यात तारीख, काय कोरे चालणार नाही आणि प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) कोणती. सातबाऱ्याशी ताडून पाहावे. गट क्रमांक 112 साताऱ्याच्या कराड तालुक्यातल्या गावात असू शकतो, तसाच सांगलीच्या वाळव्यातही. म्हणून ओळख ठरते ती गाव आणि गट मिळून (हिस्से असतील तर तेही). मग सगळे एकाच मोठ्या टेबलात का नको? प्रश्न रास्त आहे. पण एका गटाला अनेक खातेदार असतात, पिके हंगामागणिक बदलतात. एकत्र लिहिल्यास तेच क्षेत्र ओळीओळीत येईल आणि एकीकडे दुरुस्त होऊन दुसरीकडे चुकीचे राहील. महसुली कागदात वेगवेगळ्या नोंदींची ही सोय संगणकाआधीपासून आहे: हक्क गाव नमुना 7 मध्ये, पिके 12 मध्ये. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत अशी टेबले सामायिक रकान्यांनी जोडली जातात. नियम नंतरही बदलता येतात, हे खरे. मात्र तोवर हजारो नोंदी भरलेल्या असल्या, तर नियमात न बसणाऱ्या आधी निस्तराव्या लागतात.